बैलाला घातलेली नीळ

लग्न करून मी पेठेतून हडपसरला आले, तेव्हा माहेरच्या सगळ्यांनी एकच चौकशी केली होती : तिकडे पाणी किती वेळ येतं? बैलाबद्दल कोणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमची चार मजली इमारत आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर जिम, त्याच्या वर आम्ही. आणि मागे, जिथे शहाण्या माणसांच्या इमारतीत गाड्या लागतात, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक खिल्लार बैल. सासऱ्यांची, म्हणजे आबांची, सगळी जमीन बिल्डरकडे गेली. बैल तेवढा राहिला. तो काही काम करत नाही, कारण कामच नाही. जिममधली मुलं खिडकीतून त्याच्याकडे बघत वजनं उचलतात आणि तो त्यांच्याकडे बघत रवंथ करतो. खांदे त्याचेच जास्त भरलेले आहेत.

दर हिवाळ्यात शहराबाहेरच्या मैदानावर शेतीचं प्रदर्शन भरतं. तिथे जनावरांची स्पर्धा असते. आबा दरवर्षी बैल घेऊन जायचे आणि हात हलवत परत यायचे. यंदा मात्र प्रकरण वेगळं होतं. फलटणकडच्या एका बागायतदाराने शब्द टाकला होता : बैलाचा नंबर आला तर मी घेतो, माझ्या गोठ्याला पंखे आहेत. आबांचे गुडघे आता बैल फिरवून आणण्याच्या पलीकडे गेलेले. त्यांनी जेवताना निकाल सांगितला.

"नंबर आला तर मानानं जाईल. न्हाय आला तर हितंच ऱ्हाईल. पर बाजार दाखवायचा न्हाय त्याला."

म्हणजे सगळं नंबरावर आलं. माझा नवरा हिंजवडीला नोकरीला आहे. त्याने दुसरी गाडी बुक केलेली होती आणि ती लावायला जागा नव्हती. त्याला अचानक बैलाविषयी माया वाटू लागली. घरून काम असलं की मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तो खाली जाऊन बैलाला ब्रश करायचा.

आणि सासूबाई? त्यांना तर बैल गेला म्हणजे सुटका, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. शेण त्या काढायच्या, वैरण त्या टाकायच्या, आणि सगळं करताना त्याच्याशी भांडायच्या. "मेल्या, तुझ्यापायी माझी कंबर गेली. कधी जातोयस एकदाचा?" असं म्हणत त्याला तव्यावरची पहिली भाकरी मोडून भरवायच्या. दुसऱ्या कोणाच्या हातून तो भाकरी घ्यायचा नाही. मी एकदा देऊन पाहिली. त्याने माझा दुपट्टा खाल्ला.

तर, बैलाचा मेकअप. हा शब्द माझा नाही, नवऱ्याचा. आबांच्या मते स्पर्धेतला एकही बैल जसा जन्मला तसा मैदानात येत नाही. शिंगं साळायची, तेल लावून चमकवायची. खुरांना बुटाचं पॉलिश. ते नवऱ्याने स्वतःच्या ऑफिसच्या बुटांचा ब्रश वापरून केलं. खिल्लाराच्या शेपटीचा गोंडा काळाभोर हवा. आमच्या बैलाचा विटून तांबूस झाला होता. आबांनी आपलं केसांच्या कलपाचं पाकीट काढलं आणि अर्धं गोंड्याला, अर्धं स्वतःच्या मिशीला अशी वाटणी केली.

नवऱ्याने पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं. आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस थांबावे, असं लिहिलं होतं. मग त्याने बैलाच्या कानामागे कलपाचा ठिपका लावला आणि दोन दिवस फोनवर त्याचे फोटो काढून मोठे करून बघितले. बैलाला काही झालं नाही. आबांनी असली थेरं केली नाहीत, सरळ मिशीला कलप फासला, आणि त्यांचा वरचा ओठ सुजला.

राहिला मुख्य प्रश्न. खिल्लार पांढराशुभ्र पाहिजे, आणि आमच्या बैलाचे पुठ्ठे बसून बसून पिवळे पडले होते. साबण झाला, शाम्पू झाला, माझा महागाचा कंडिशनरही झाला, मला न विचारता. मी त्यावरून दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. खडूची पूड लावावी तर अंगाला रंग लावलेलं जनावर बाद, असा नियम.

आबा अंगणात बसून विचार करत होते. समोर दोरीवर त्यांची टोपी वाळत होती. सासूबाई त्यांची टोपी आणि धोतर मशीनला कधी देत नाहीत. बादलीत पाणी घ्यायचं, नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून हलवायची, ओंजळीत पाणी उचलून डोळ्यांसमोर धरून बघायचं आणि मगच कपडा बुडवायचा. आबांची टोपी अख्ख्या आळीत ओळखू यायची. आबा टोपीकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"नीळ! नीळ म्हंजी काय रंग न्हाय. नीळ म्हंजी धुणं."

मी पेठेतली. वाद घालायची संधी आम्ही सहसा सोडत नाही. पण या युक्तिवादात मला खोट काढता येईना. आमच्याही घरी नीळ होती, आणि माझ्या वडिलांचा सदरा रंगवलेला आहे असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

अर्थात नीळ घालणार कोण, हा प्रश्नच नव्हता. स्पर्धेच्या दिवशी अंधारातच सासूबाई उठल्या. "कुणी मधे लुडबुडू नका," म्हणाल्या. मी वरून बघत होते. एकच मिणमिणता दिवा, तांब्यातांब्याने पाणी ओतत त्या बैलाला पुटपुट शिव्या देत होत्या. धुऊन झाल्यावर त्यांनीच त्याच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत जुनी चादर बांधली. "वाटंत धूळ बसंल. मैदानात गेल्याबिगर सोडू नका." तेवढ्यात टेम्पो आला. "येताय का?" मी खाली उतरून विचारलं. "मला कामं न्हाईत व्हय?" म्हणून त्या आत गेल्या. बैलाला निरोपही दिला नाही. मला ते जरा निष्ठुर वाटलं.

मैदानात ऊन चांगलं वर आलं होतं. बागायतदार पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. आमचा पुकारा झाला. आबांनी टोपी सारखी केली, बैल रिंगणाच्या मधोमध उभा केला, सुजलेल्या ओठाने हसले आणि चादर ओढली.

बैल निळा होता.

निळसर नव्हे. बारशाच्या झबल्यासारखा निळा, वशिंडावर गडद, पोटाखाली ओघळांचा. शेपटीचा गोंडा मात्र अप्रतिम काळा. रिंगणाभोवती शेकडो फोन वर झाले. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी आबांकडे बघवेना. माणूस वर्षभर या एका सकाळसाठी जगलेला.

परीक्षक पशुवैद्य होते. त्यांनी ओला कापूस बैलाच्या पाठीवर फिरवला आणि निळा झालेला कापूस आबांपुढे धरला. "रंग लावलाय. बाद."

"रंग न्हाय साहेब, नीळ हाय," आबा म्हणाले. "तुमच्या शर्टाला बी नीळ हाय. तुम्ही बाद का?"

परीक्षकांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं. "मी स्पर्धेत नाही."

लोक हसले. परीक्षक तसे भले होते, समजुतीने म्हणाले, "अहो आजोबा, आपली टोपी बघा, किती सुरेख आहे. नीळ अशी घालतात. बैलाला कोणी आंघोळ घातली?"

"दोन्ही येकाच हातचं हाय!" आबा तावातावाने ओरडले. "चाळीस वर्सं झाली, त्या हातानं कधी चूक..."

आणि मध्येच थांबले. मग त्यांनी बैलाच्या कासऱ्याला हात घातला आणि त्याला रिंगणाबाहेर काढलं. बागायतदाराची गाडी तोवर निघून गेली होती.

परतताना आबा टेम्पोत मागे, बैलाजवळ बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि ते तिच्याकडे बघत होते. नवरा पुढे माझ्या शेजारी बसून फोनवर शोरूमवाल्याला, गाडी महिनाभर तिथेच ठेवता येईल का, असं विचारत होता.

घरी पोचलो तर सासूबाई शेडच्या दारातच उभ्या होत्या. पुढ्यात घमेलं, त्यात सरकीची पेंड फुगून काठोकाठ आलेली. ही पेंड सकाळीच भिजत घालावी लागते, एवढं मलाही आता कळतं. जो बैल संध्याकाळी फलटणच्या पंख्याखाली असायला हवा होता, त्याच्यासाठी त्यांनी सकाळीच पेंड भिजवली होती.

"आला का मेला परत?" त्या म्हणाल्या.

"आई, किती नीळ टाकलीस गं?" नवरा वैतागून म्हणाला.

"डोळ्यांना कुठं दिसतंय आता. पडली असंल जास्त." आणि त्या बैलाकडे वळल्या. निळा बैल घमेल्यात तोंड घालून मचामचा खाऊ लागला. त्याच्या वशिंडावरून त्यांचा हात फिरत होता, तळव्याला निळा रंग लागत होता, आणि त्या कोणाकडेच बघत नव्हत्या.

आबांनी टोपी उजेडात धरली. उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. कुठेही निळा डाग नव्हता. मग त्यांनी ती डोक्यावर चढवली आणि खोकल्यासारखं केलं.

"पुढच्या वर्सी बी," ते सासूबाईंना म्हणाले, "नीळ तूच घाल."