स्लॅबवरची पावले

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे. जाग आल्याबरोबर मी मोबाइलमध्ये वेळ पाहिली, कारण माझ्या डोक्यावरच्या गच्चीवर कोणीतरी धावत होते, आणि त्या गच्चीवर धावणारा एकमेव माणूस जानेवारीतच वारला होता.

तो आवाज ओळखण्यात माझी चूक होण्याची शक्यता फार कमी होती. नागपूरच्या बेसा भागातले हे घर बाबांनी निवृत्तीनंतर बांधले, आणि त्यात माझी खोली नेमकी त्यांच्या व्यायामाच्या जागेखाली आली. बाबा सावनेरच्या एका शाळेत आयुष्यभर पी.टी.चे शिक्षक होते. शाळा सुटली, कवायत सुटली नाही. पहाटे ते गच्चीवर जात, जागच्या जागी धावत आणि हिंदीत मोजत: एक, दो, तीन, चार, पाँच, छे, सात, आठ. आठानंतर पुन्हा एक. तरुणपणी कबड्डीत त्यांचा घोटा दुखावला होता, त्यामुळे उजवे पाऊल डाव्यापेक्षा किंचित जड पडे. मी स्नायूंच्या आणि माणसाच्या चालीच्या अभ्यासात पुढे पदव्या मिळवल्या. पण दोन पावलांतला फरक कानाने टिपायला मी अंथरुणात पडल्या पडल्या, त्या स्लॅबखाली शिकले.

त्या पहाटेही उजवे पाऊल जड होते.

मी जिना चढले. अजून अंधार होता, थंडी होती. टाकीजवळ आई धावत होती. साडीचा काष्टा खोचलेला, अंगात स्वेटर, कानाला मफलर, आणि पायांत बाबांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. नाड्या घोट्याभोवती दोन-दोन वेढे देऊन बांधल्या होत्या. आईचा पाय लहान. पुढच्या रिकाम्या जागेत तिने जुन्या ब्लाउजची चिंधी कोंबली होती.

"आई, काय करून राहिली तू?"

"दिसत नाही काय? पी.टी."

"बाबांच्या बुटांत?"

"मंग कोणाच्या? माह्याजवळ कुठी बूट हायेत?" ती थांबली नाही. "बाजूला हो, मोजणं चुकते माहं."

बाबा असताना आई एकदाही व्यायामाला गच्चीवर आली नव्हती. त्यांनी बोलावले की ती म्हणे, "मले काय फौजेत जायचं हाये?" आणि वाळवणाचे निमित्त नसेल तर जिना चढत नसे. तेरवीच्या दिवशी गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे नवे बूट आणि छत्री दान केली. जुने बूटही देऊन टाक, असे आत्याने तिला सांगितले होते: "गेल्या माणसाचे जोडे घरात नाही ठेवत वं. तो वापस येते." तेव्हा आईने मान हलवली होती. बूट मात्र टाकीमागे लपवून ठेवले होते.

"आत्याला काय सांगशील?" मी विचारले.

"काय सांगू? नव्या बुटानं त्याइले हमेशा फोड येत. दान देल्ले ते नवेच हायेत. तिकडं फोड आले अन् घ्याले आले, तं जुने सापडाले नको?"

हे ती गमतीने म्हणाली की गंभीरपणे, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही.

बाबांच्या मृत्यूमुळे आमच्या घरात व्यायामाची बाजू लंगडी पडली होती, हे मान्य केले पाहिजे. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली, आणि आदल्या पहाटेपर्यंत धावलेला माणूस दोन दिवसांत संपला. भेटायला आलेले नातेवाईक चहाची बशी खाली ठेवताना म्हणत, "एवढं धावून काय भेटलं त्याले?" व्यायाम आयुष्याची हमी देत नाही, तो फक्त शक्यता बदलतो, हे मी पहिल्या काही जणांना समजावून सांगितले. नंतर सोडून दिले. दुःखाच्या घरात शक्यतेची भाषा कोणालाच नको असते. मलाही नको होती.

आईच्या बाबतीत मात्र मला त्याच भाषेत विचार करणे भाग होते. तिच्या हाडांची घनता फार कमी झाली होती. हाडांच्या डॉक्टरांनी औषधे लिहून दिली आणि वर म्हणाले, "आणखी एक औषध आहे, पडायचं नाही." आई हसली. मी हसले नाही, कारण त्या वाक्यात विनोद नव्हता. ती पडली तर खुबा मोडेल. खुबा मोडला तर तिचे चालणे जाईल. आणि जुलैत मी संशोधनवृत्तीवर बंगळुरूला निघून गेल्यावर या घरात ती एकटी असणार होती. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न एवढाच होता: मी जाईपर्यंत आईला तिच्या दोन पायांवर भक्कम उभे करायचे. अशा वेळी दोन नंबर मोठ्या, पुढे चिंध्या भरलेल्या बुटांत अंधारात धावणे म्हणजे पडण्याची तयारी करणे होते.

मी तिला एका पायावर उभे केले. डावा पाय, डोळे उघडे, आधार नाही. तीन सेकंदांत तिने माझा खांदा धरला.

वयाबरोबर माणसाचे बळ आधी जाते असे आपल्याला वाटते. खरे तर आधी चपळाई जाते. तोल गेला हे शरीराला कळते, पण सावरणारा स्नायू उशिरा पोहोचतो. हा उशीर सरावाने कमी करता येतो. मी आईसाठी आराखडा केला: खुर्चीतून हात न टेकता उठणे, भिंतीच्या कोपऱ्यात एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे, उजाडल्यावर कॉलनीत झपझप चालणे. लक्ष्य ठेवले दहा सेकंदांचे. आणि तिच्या मापाचे, मऊ तळाचे, चांगले बूट आणले.

आईने ते मुकाट्याने घातले. त्या बुटांचा स्लॅबवर आवाज होत नसे. गच्चीवर ती आहे की नाही, हे खाली कळेनासे झाले. मार्चमध्ये ती एक दिवसाआड जाऊ लागली, एप्रिलमध्ये कुरड्यांचे निमित्त झाले, आणि त्यानंतर जाणे बंद. मी जाब विचारला.

"ह्या बुटात त्याइची गिनती येत नाही," ती म्हणाली.

"गिनती तू करतेस, आई."

"मी कुठी करतो? मी तं ऐकतो."

एप्रिलअखेरीस पुन्हा मोजले. चार सेकंद. सुरुवातीच्या तीनच्या तुलनेत ही प्रगती म्हणता आली असती. प्रामाणिकपणे मी त्या एका सेकंदाला मोजणीतली चूक मानले.

त्याच सुमारास एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कूलर सुरू झाले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीखाली सगळे आवाज बुडून जातात, आणि पहाटेपर्यंत तो बंद करण्याचे काही कारण नसते. मी मात्र रोज पाचच्या आत जागी होऊन तो बंद करीत होते आणि घामेजून पडून राहत होते. मी कशाची वाट पाहते आहे, हे मी स्वतःला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर लिहून काढावे लागले असते.

मे महिन्यात आई दोन दिवसांसाठी खाप्याला मामाकडे गेली. दुसऱ्या पहाटे मी कूलर बंद केला, आणि वर पावले सुरू झाली.

मी पडल्या पडल्या कारणे शोधली. दिवसभर तापलेला स्लॅब पहाटे आकसतो आणि कडकडतो. टाकी भरताना आतला तरंगता गोळा पत्र्यासारखा वाजतो. दोन्ही कारणे उत्तम होती. पण मोटार बंद होती. आणि स्लॅब आकसताना उजवे पाऊल जड पडत नाही.

मी वर गेले तेव्हा आवाज थांबला होता. गच्ची रिकामी होती. पायांखालची फरशी अजून कोमट होती. टाकीमागे बूट होते, भिंतीला टाचा लावून शेजारी शेजारी ठेवलेले, शाळेतल्या रांगेसारखे. आईने ते तसे ठेवले असतील. मी तिला हे आजवर विचारलेले नाही.

लहानपणी माझ्या पायांना घरात होड्या म्हणत. "बापाचे पाय घेऊन आली," असे आत्या म्हणायची, आणि मुलीच्या चपला घेताना दुकानदार पुरुषांच्या फळीकडे हात करी. मी बुटांतल्या चिंध्या काढल्या आणि पाय आत घातले. बूट मला बरोबर झाले. आतल्या तळाला एक खळगा होता, अंगठ्याखाली खोल, करंगळीकडे उथळ. माझे वजन आपोआप त्यात उतरले. मी धावायला लागले. धप, धप्प. धप, धप्प. माझा घोटा कधीही दुखावलेला नाही, तरीही उजवे पाऊल जड पडत होते. उजव्या बुटाची टाच एका बाजूने झिजली होती आणि त्यामुळे तो आपटत होता. आईच्या पायांतही तो तसाच आपटला होता. म्हणजे बाबांनी ते चार वर्षे वापरून आपली चाल त्या बुटांत उतरवून ठेवली होती, आणि जो कोणी ते घालील तो त्यांच्यासारखा चालणार होता.

हे स्पष्टीकरण मला पटले. त्याने फक्त एवढेच उलगडले नाही, की मी वर येण्याआधी बूट कोणाच्या पायांत होते.

सकाळी शेजारचे काका कुंपणापाशी उभे होते. "तू होती काय वर?" त्यांनी विचारले. "चहा सांडला न माहा. मले वाटलं, मास्तर आले."

"किती वाजता ऐकलं तुम्ही?"

त्यांनी सांगितलेली वेळ मी वर जाण्याआधीची होती. म्हाताऱ्या माणसाच्या घड्याळावर मी निष्कर्ष काढत नाही.

आई परतली तेव्हा मी तिला योजना सांगितली: नवे बूट तिने घालायचे, जुने मी. ती क्षणभर माझ्या पायांकडे पाहत राहिली. "होतात काय तुले?"

"बरोबर होतात."

"होतीनच," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने बराच वेळ भांडी घासली.

दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीच्या कोपऱ्यात एका पायावर उभी राही, दोन्ही बाजूंना हाताशी भिंत, आणि मी तिच्या मागे जागच्या जागी धावत असे. ती वळून पाहत नसे. मोजणी ती करी: एक, दो, तीन, चार. माझ्या हातात स्टॉपवॉच असे. जूनच्या मध्यावर सहा सेकंद, अखेरीस आठ. खुर्चीतून ती आता हात न टेकता उठू लागली होती. कधीकधी तिच्या मोजण्याचा सूर बदले, उतरत्या वयाच्या बाईचा न राहता मैदानभर पोहोचणारा होई. अशा दिवशी आकडा चांगला येई, हेही मी पाहिले होते.

जुलैत मी निघताना तिने बूट स्वतः माझ्या बॅगेत ठेवले. "घेऊन जा. इथं राहिले तं मी घालीन. अन् पडीन."

"मग ऐकशील कशी?"

"फोन कशाले हाये?"

तेव्हापासून रोज पहाटे मी बंगळुरूतल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर फोन जमिनीजवळ ठेवून धावते आणि बेसातल्या आमच्या गच्चीत कठड्यावर ठेवलेल्या फोनमधून आई ते ऐकते. पाय उचलताना ती "हं" म्हणते, टेकवताना "झालं" म्हणते. मी वेळ लावते. ऑगस्टमध्ये तिने दहा ओलांडले. माझे लक्ष्य पूर्ण झाले होते. तरी दोघींपैकी कोणीही थांबण्याची गोष्ट काढली नाही.

गेल्या महिन्यातली एक पहाट. आई "हं" म्हणाली, मी वेळ लावली आणि धावू लागले. काही सेकंदांतच उजव्या बुटाचा तळ पुढून उसवला आणि माझा पाय अडखळला. मी थांबले. आता फोनमध्ये माझ्याकडून काहीही जात नव्हते. वाऱ्याचाही आवाज नव्हता. मी आईला हाक मारणार होते, पण ती मोजत होती. पाँच, छे, सात, आठ. एक, दो. तिचा ताल जराही चुकला नव्हता. मी फोन उचलून कानाला लावला आणि श्वास रोखून ऐकले. तिच्या मोजण्यामागे काहीतरी होते, किंवा ते माझ्याच कानातले रक्त होते. त्या अंतरावरून हे दोन आवाज वेगळे करण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते.

मग ती मोजता मोजता, हसत, हळूच म्हणाली, "अहो, दमानं."

तीन. चार.

"झालं," ती म्हणाली. आणि नंतर तिच्या नेहमीच्या आवाजात, मला: "किती झाले वं?"

मी घड्याळ बंद केले. बूट सोडून बाजूला ठेवला, टाच भिंतीला लावून. मग आईला तिचा आकडा वाचून दाखवला. डावा पाय, डोळे उघडे, आधार नाही: सतरा पूर्णांक तीन सेकंद.