लेकीच्या बायोडेटातल्या गायी

खोटं कशाला बोलू, लेकीच्या बायोडेटातल्या गायी मीच खोडल्या.

ती तेव्हा अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि आम्ही नवराबायको इथे, तिसऱ्याच देशात, हॅमिल्टनला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या एखाद्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली, तर पुढे नोकरीची आशा. नाहीतर पदवी घेऊन सरळ घरी परत. परदेशी मुलांची गोची अशी, की जवळपास प्रत्येक अर्जात एक प्रश्न असतो: पुढेमागे व्हिसासाठी कंपनीची मदत लागेल का? खरं उत्तर ‘हो’. ते दिलं की दोन दिवसांत गोड शब्दांत नकार. असे चाळीसेक नकार गोळा झाल्यावर पोरीचा आवाज बारीक झाला.

“पाठव मला तो बायोडेटा,” मी म्हटलं. मी दुधाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, नव्या माणसांचे अर्ज वाचते, तेव्हा यातलं सगळं मला कळतं असा माझा समज. फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. ‘अनुभव’ या मथळ्याखाली पहिलीच ओळ: शनिवार-रविवार गायींचं दूध काढणे, गोठा धुणे.

गोष्ट खरी होती. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत ती मैत्रिणीच्या वडिलांच्या फार्मवर पहाटे गमबूट चढवून जायची. गाडीने सोडायला मीच जायचे, आणि भारतात कुणाला त्याचा पत्ता लागू द्यायचे नाही. माझ्या बाबांना तर मुळीच नाही.

बाबा नागपूरला असतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. लहानपणी ते आपल्या आईबरोबर गावच्या पाटलाच्या गोठ्यात शेण काढायला जायचे. तिथे चहा मिळायचा, पण आमच्या जातीच्या माणसांसाठी वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. पिऊन झालं की आपणच विसळून तो परत तिथेच ठेवायचा. बाबा शिकले ते त्या गोठ्यातून बाहेर पडायला. माझ्या लेकरांच्या हाताला शेण लागणार नाही, हे त्यांचं वाक्य ऐकतच मी मोठी झाले. आता त्यांना काय सांगणार होते? तुमची नात समुद्रापार येऊन पुन्हा गोठ्यातच गेली म्हणून?

मी गायी खोडल्या. त्यांच्या जागी गणिताची बक्षिसं, वक्तृत्व स्पर्धा, रविवारी विहारात लहान मुलांना शिकवणं, असं सगळं चकचकीत मांडलं. नकार येतच राहिले. आता ते जरा लवकर यायचे, एवढाच फरक.

एक दिवस फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

“आई, यू डिलीटेड माय काऊज?”

“तुझ्या भल्यासाठीच केलं.”

“इथल्या करिअर ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, हे सगळं ठीक, पण तू काम काय केलंस? मी सांगितलं, गायी. शी वॉज सो हॅपी! म्हणाल्या, पुट दॅट फर्स्ट.”

“टाक मग. तुमचं तुम्ही बघा,” असं म्हणून मी फोन ठेवला. राग खरा स्वतःचाच आला होता, पण तो कबूल कोण करणार!

गायी पहिल्या ओळीत परतल्या आणि तीन आठवड्यांनी एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. दूध काढायच्या यंत्रांचे सेन्सर बनवणारी कंपनी. मुलाखत घेणारा स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याने विचारलं, आजारी गाय कशी ओळखशील? ही म्हणाली, रोज पुढे असणारी गाय रांगेत मागे राहिली, की समजायचं. व्हिसाचं नंतर बघू, असं तो म्हणाला. शुक्रवारी निवडीचं पत्र आलं, आणि मी प्रयोगशाळेत पांढऱ्या कोटातच एक गिरकी घेतली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, लेकीलाही जोडून घेतलं. बातमी कशी सांगायची, काय गाळायचं, ते मी मनात जुळवलं होतं. पण कार्टीने तोंड उघडू दिलं तर ना!

“आबा, आय गॉट इट बिकॉज ऑफ द काऊज!” आणि तिने गमबुटांपासून सगळं सांगून टाकलं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

“गोठ्यात जायचीस? शेण काढायला?” बाबांनी विचारलं.

“हो आबा. हीप्स ऑफ इट.”

“चहा द्यायचे?”

“हो, दूध काढून झालं की. अँड टोस्ट.”

“कशात द्यायचे?”

तिला प्रश्नच कळला नाही. “मगमध्ये. शेल्फवर असतात ना, एनी वन. हाताला येईल तो घ्यायचा.”

“आणि विसळायचं कोणी?”

“जो लास्ट असेल त्याने. मोस्टली बॉसच. ही ड्रिंक्स सो स्लोली.”

“मालक? तुझा कप?”

“हो. व्हाय, आबा?”

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग मला म्हणाले, “ती तिथे जायची, हे तुला माहीत होतं?”

“हो बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“वेडी का काय तू?” बाबा म्हणाले. “एवढी मोठी बातमी, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलीस?”