रांजणावर चालणारा कॉम्प्युटर

घोडेगावात तहसील कचेरीसमोर मी टायपिंगचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, एक खडखडणारा प्रिंटर होता आणि डोक्यावर पत्रा होता. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचा मजकूर, जे येईल ते मी टाइप करून द्यायचो. हिवाळा झकास गेला. मार्च सरता सरता पत्रा तापायला लागला आणि कॉम्प्युटरनं दुपारची सुट्टी घ्यायला सुरुवात केली. बाराच्या सुमारास जो थिजायचा तो चारपर्यंत हलायचा नाही. समोर अर्ज घेऊन बसलेला माणूस पडद्याकडे वाकून मला हळूच विचारायचा, "झोपला का?"

मी झाकण काढून टेबलफॅन लावून पाहिला. पंखा पत्र्याखालची गरम हवा उचलून त्याच्या तोंडावर मारत होता, एवढाच फरक पडला. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली, ती दहा मिनिटांत पापडासारखी कडक झाली.

अशा एका दुपारी माझे मामा आले. मामांचं आळे गावात मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक त्या मामांकडे आणायचे, मामा आतली जळकी तार काढून नवी भरून द्यायचे. कॉम्प्युटर त्यांनी लांबूनच पाहिला होता. उघड्या डब्यात त्यांनी बिनधास्त हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"भाच्या, ह्याला पाणी कुठून येतं?"

"पाणी? मामा, ह्याला पाणी नसतं."

"मग धरणारच की! डिझेल इंजन बिनपाण्याचं चालवून बघ, अर्ध्या तासात तापून धरतं. हे तर सकाळपासून चालू हाय."

मी त्यांना सांगितलं की ही विजेची वस्तू आहे, आत पाण्याचा एक थेंब गेला तरी सगळं खलास. मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आरं, मी भरलेल्या मोटारी विहिरीच्या तळाशी बुडून चालत्यात. वीज आन् पाणी तू मला शिकवतो व्हय?"

मामा जाताना आमच्या घरी थांबले आणि माळ्यावरचा गळका तांब्याचा बंब डाग देऊन आणतो म्हणून आईकडून घेऊन गेले.

पुढच्या रविवारी ते गोणी घेऊन हजर. गोणीत एअर कूलरचा छोटा पंप, ठिबकची काळी नळी, सायकलची फाटकी ट्यूब आणि बर्फीच्या वडीएवढी एक तांब्याची डबी. डबीला दोन तोट्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. तांबं कुठलं हे विचारायची गरज पडली नाही. "बंब गेलाच व्हता," मामा म्हणाले. आईला हे संध्याकाळपर्यंत कळलं आणि तिनं सख्ख्या भावाशी आठ दिवस अबोला धरला.

डबी गळते का ते पाहायला मामांनी एका तोटीला बोट लावलं, दुसरीतून गाल फुगवून फुंकलं आणि मला ती बादलीत बुडवून बुडबुडे मोजायला लावले. बुडबुडे आले नाहीत. मग कॉम्प्युटरच्या डोक्यावरचा, म्हणजे आतल्या मुख्य चिपवरचा, पंखा काढून त्या जागी डबी ठेवली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधली आणि पंप बादलीत सोडला. पाणी बादलीतून डबीत, डबीतून परत बादलीत. दीड वाजला, दोन वाजले, कॉम्प्युटर चालूच. मला आनंदानं काय टाइप करावं सुचेना, म्हणून मी मामांचं नाव मोठ्या अक्षरात छापून त्यांच्या हातात दिलं. तीनला मात्र बादलीतलं पाणी आंघोळीला घेण्याइतकं कोमट झालं आणि पडद्यावरचा बाण पुन्हा जागच्या जागी उभा राहिला.

"बादली बारकी पडती," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंभाराकडून एक रांजण आणला, इतका मोठा की दारातून आत येईना. शेवटी तो बाहेर, सावलीच्या बाजूला ओल्या वाळूत बसवला आणि नळ्या खिडकीतून आत घेतल्या. रांजण पाझरायचा, वारा लागायचा, पाणी गार राहायचं. त्या आठवड्यात कॉम्प्युटर एकदाही झोपला नाही.

तोवर दुकानात येणारे लोक कॉम्प्युटरपासून जरा अंतर राखून बसायचे. पाण्याची नळी दिसल्यावर सगळ्यांची भीड चेपली. डब्यात काय आहे हे कुणाला कळत नव्हतं, पण पंप सगळ्यांनाच कळत होता. "हवा धरली असंल, नळी झटका." "फूटवॉल बघा राव, पाणी मागं फिरत असंल." कांद्याची बागायत करणारे एक पावणे प्रतिज्ञापत्राला आले होते. ते बराच वेळ नळीकडे बघत बसले आणि काळजीनं म्हणाले, "भाऊ, रोज पाणी देऊ नका. दिवसाआड द्या. सडंल."

अडचण एकच झाली. रस्त्याकडेला रांजण दिसला की माणूस तो पिण्याचाच समजणार. कचेरीत आलेली माणसं झाकण काढून खुशाल पाणी प्यायची. कुणीतरी पुण्य लागावं म्हणून साखळीला बांधून स्टीलचा पेलाही ठेवून गेलं. मी पाटी लावली, 'हे पाणी कॉम्प्युटरचे आहे.' त्यानं गर्दी वाढली. कॉम्प्युटरचं पाणी कसं लागतं ते लोक चाखून बघायला लागले.

मेच्या मध्यात तळेघरच्या बाजूच्या वाड्यांचा मोर्चा आला. तिकडे पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटलेलं असतं आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. टँकर मागायला पन्नासएक बाया रिकामे हंडे घेऊन टेम्पोनं आल्या होत्या. पुढे एक म्हातारी होती, काष्टा खोचलेली, आवाज खणखणीत. ती थेट माझ्या दुकानात शिरली.

"भाऊ, कागद करून द्या. हंडं हायेत, घोषणा हायेत, कागदच न्हाई."

मी निवेदन टाइप करायला बसलो. आजी एक वाक्य सांगायची, दारातल्या दोघी-तिघी ते दुरुस्त करायच्या, मग सगळ्याजणी मिळून तिसरंच ठरवायच्या. असं करत अर्धं पान झालं. बाहेर उन्हात उभ्या राहिलेल्यांचा पेला रांजणात खाली-वर होत होता, याकडे माझं लक्षच नव्हतं. मी लिहीत होतो, 'आमच्या वाड्यांवर पिण्याच्या पाण्याचा थेंबही उरलेला', आणि 'नाही' लिहिण्याआधी नळीनं गुळण्या केल्यासारखा आवाज केला. पंप कोरडा घरघरला. पडदा थिजला. निवेदन मी साठवून ठेवलं नव्हतं.

"काय झालं?" आजीनं विचारलं.

"आजी, कॉम्प्युटरचं पाणी संपलं."

"कुनी संपवलं?"

मी खिडकीतून रांजणाकडे बोट दाखवलं. आजीनं बाहेर जाऊन रांजणात डोकावून पाहिलं, मग पेला हातात असलेल्या बाईकडे पाहिलं. ती बाई घाईघाईनं तोंड पुसत म्हणाली, "लई गार व्हतं वो."

आजीनं क्षणभरच विचार केला. "आमीच प्यालो, आमीच भरतो. चला गं!"

एसटी स्टँडजवळ हापसा होता. हापशापासून माझ्या दुकानापर्यंत बायांची रांग लागली आणि मोर्च्यात वाजवायला आणलेले हंडे भरून भरून रांजणात रिते व्हायला लागले. हे सगळं चाललं होतं कचेरीच्या खिडकीसमोर. थोड्या वेळानं तहसीलदार साहेब स्वतःच रस्ता ओलांडून आले.

"आजी, तुम्ही पाण्यासाठी मोर्चा आणलाय असं कळलं. हंडे तर भरलेले दिसतायत."

"सायेब, ते आमचं न्हाई. ते कॉम्प्युटरचं हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना आत नेऊन डबी, नळ्या, पंप दाखवला. त्यांनी नळीला बोट लावलं, रांजणाला हात लावला, "वा!" म्हणाले आणि बाकावर बसले. कॉम्प्युटर सुरू झाला. मी निवेदन पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतलं, आजी सांगत होती, साहेब ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"'लवकर टँकर द्यावा' नको. 'तातडीने' लिहा. आणि लोकसंख्या घाला, मला पुढे पाठवायला सोपं जातं."

मी 'तातडीने' लिहिलं, लोकसंख्या घातली. छापलेला कागद साहेबांनी एकदा वाचून पाहिला, एक काना दुरुस्त करायला लावला आणि उठून आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. मग मोर्चा घोषणा देत रस्ता ओलांडून गेला आणि तोच कागद त्यांना रीतसर देऊन आला. तिसऱ्या दिवशी वाड्यांवर टँकर पोचला, हे आजीच्या गावचा एक माणूस दाखल्याला आला तेव्हा त्यानं सांगितलं.

रांजणाची कीर्ती आळ्यापर्यंत गेली. मामा जो भेटेल त्याला सांगत सुटले. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात डबीची एक तोटी शेवाळानं तुंबली, दाब वाढला आणि नळी सुटली. दुकानभर कारंजं उडालं. ग्राहक बाकावर चढला. कॉम्प्युटरनं फट् असा आवाज केला आणि विझला. मी धावत जाऊन मामांना फोन लावला.

"मामा, आत पाणी गेलं!"

"किती?"

"सगळं!"

"मग घाबरतो कशाला? भिजलेली मोटार आपण काय करतो? उन्हात ठिव दोन दिवस."

दुसरा मार्गच नव्हता. मी त्याचे सगळे भाग सुटे करून घराच्या गच्चीवर आईच्या कुरडयांशेजारी वाळत घातले. आईनं दोन दिवस काठी घेऊन कावळ्यांपासून दोन्हीचं रक्षण केलं. तिसऱ्या दिवशी सगळं जोडून मी डोळे मिटून बटण दाबलं, आणि तो चालू झाला.

तरी माझा धीर सुटला होता. दिवाळीनंतर मी स्लॅबची खोली घेतली, छताला पंखा लावला आणि डबी काढून टाकली. मामा नवी खोली बघायला आले. सगळं कोरडं पाहून त्यांचं तोंडच उतरलं. मग त्यांनी प्रिंटरवर हात ठेवला, जरासा दाबला, परत ठेवला.

"भाच्या, हे बी तापतंय की रं."

मी घाईघाईनं दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना चहाला घेऊन गेलो.