राबाचा धूर

टोकावड्याला एसटीतून उतरले आणि राबाचा धूर नाकात गेला. भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. या वासाने आजही माझं डोकं फिरतं.

मी आणि सुरेश जुळे. दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "सुरेशला अभ्यास करू दे. तू चल गो राबावर." दिवसभर मी डोक्यावरून पाल्याचे भारे वाहिले. पेपर लिहिताना माझे डोळे चुरचुरत होते, केसांना धुराचा वास येत होता.

निकालात त्याला गणितात अठ्ठ्याऐंशी मिळाले, मला एक्केचाळीस. बाबा ओटीवर आल्यागेल्याला पेढे देत सांगत होते, "जुळी असून काय? डोकं सगळं पोराला आलं, हिला नाय."

राबाची आठवण तेव्हा कुणालाच झाली नाही. सुरेशला नाही आणि मलाही नाही. उलट पेढ्यांचं ताट घेऊन मीच सगळ्यांपुढे फिरत होते, बाबांच्या बोलण्यावर मान डोलावत होते. पंचवीस वर्षं झाली, पण त्या डोलावलेल्या मानेचा राग जात नाही.

अरे, मीही पास झाले होते!