देसाई सरांनी पाडलेला उजेड

मास्तराच्या घरात दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतातच! सत्तरच्या सुमारास रंकाळा तलावाजवळच्या आमच्या हायस्कुलात जमलेले निम्मे किस्से एकट्या देसाई सरांचे. मी गणिताचा, ते इंग्रजीचे.

'ग्लो म्हणजे चमकणे, ग्लिटर म्हणजे चमकणे' असं कुणी घोकलं की ते भडकायचे. "सगळंच चमकतंय व्हय रं? अर्थ सांगायचा न्हाय, दाखवायचा!" हा त्यांचा नियम.

*

ग्लो दाखवायला त्यांनी नववीचा वर्ग गुऱ्हाळावर नेला. चुलवाणातले लालबुंद निखारे दाखवून म्हणाले, "ह्यो ग्लो. भडकत न्हाय, आतनं तापलेला असतोय." गुऱ्हाळवाल्यानं पोरांना गरम काकवी दिली.

"कळला का ग्लो?"

"कळला की सर! आणखी एक वाटी मिळंल?"

*

स्टाफरूमची ट्यूब उघडझाप करायला लागली. वायरमन स्टुलावर चढला, तेवढ्यात देसाई सर धावत आले. "उतर खाली! उद्या नववीला फ्लिकर हाय!"

आम्ही सगळ्यांनी डोळे चोळत पेपर तपासले.

*

ग्लिटरसाठी वर्ग सराफांच्या पेठेत, गुजरीत गेला. सराफाच्या काचेला पोरांची नाकं चिकटली, गिऱ्हाइकांना आत शिरायला जागा उरेना.

सराफ म्हणाला, "पावणं, घ्यायचं काय हाय?"

"घ्यायचं काय न्हाय. ग्लिटर बघाय आलोय!"

संध्याकाळी सराफ शाळेत हजर. गुजरीत आमच्या शाळेला बंदी! हेडसर संतापले. "देसाई, तुम्ही अजून टेंपररी आहात. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर येताहेत. त्यांचा शेरा बिघडला तर घरी बसायचं!" सरांचा संसार नवा होता, आम्हालाच धास्ती वाटली. त्या आठवड्यात सर वर्गाबाहेर पडले नाहीत; शिमर बघायला रंकाळ्यावर जायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

*

इन्स्पेक्टर आले. माणूस कडक. नववीत उभं राहून त्यांनी विचारलं, "शिमर म्हणजे काय?"

नियम तो नियम! अख्खा वर्ग उठला आणि रंकाळ्याकडं पळत सुटला. मागं देसाई सर, त्यांच्यामागं धोतर सावरत हेडसर, त्यांच्यामागं इन्स्पेक्टर. मीही गणित फळ्यावर सोडून निघालो, असला तमाशा कोण चुकवतंय!

दुपारच्या उन्हात पाण्यावर उजेड थरथरत होता. मॉनिटरनं हात केला, "ह्यो शिमर, साहेब! ग्लिटर येगळा असतोय!"

देसाई सर पांढरेफटक पडले. इन्स्पेक्टर बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग हेडसरांकडं वळून म्हणाले, "छान! आता ग्लिटर कुठं बघायला मिळेल?"

हेडसर चाचरले, "गुजरीत, साहेब. पण तिथं आपल्या शाळेला बंदी आहे!"