टारनीटला नळ येत नाही

आमच्या हिच्या मामांइतका ऑस्ट्रेलिया खुद्द ऑस्ट्रेलियातही कुणाला ठाऊक नसेल, आणि मामा उभ्या आयुष्यात निलंग्याहून लांब गेले ते हैदराबादपर्यंत, तेही दाढ दाखवायला. त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा लग्न होऊन मेलबर्नच्या टारनीट नावाच्या उपनगरात गेली आणि भूगोलाच्या या निवृत्त मास्तरांनी घरबसल्या टारनीट पिंजून काढलं. "काळी माती, खाली काळा पाषाण, पाऊस बेताचा. पोरगी घरातच दिली म्हणा की," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. इतिहासाचं तर विचारूच नका. "पहिले मेंढरांची कुरणं होती, आता घरंच घरं. हद्दी बदलत्यात. मी तरी कुठं हललो? निजामात जन्मलो, मुंबई राज्यात शिकलो, उस्मानाबाद जिल्ह्यात नोकरीला लागलो, नवा जिल्हा झाला तसा बसल्या जागी लातूरचा झालो." एकदा किल्लारीच्या जीपमध्ये त्यांनी शेजारच्याला टारनीटचे रस्ते असे काही समजावले की बिचारा आपल्या फाट्यावर उतरायचाच राहिला.

पुढं इकडं दुष्काळ पडला. नळ कधी येईल याचा नेम नव्हता, आणि माणसं नमस्काराऐवजी 'नळ आला का?' असंच विचारत. मामांनी सवयीनं फोनवर प्रज्ञालाही तेच विचारलं.

"बाबा, इथं नळ येत न्हाई. तो कधी जातच न्हाई," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. दिवसभर घरात एकटी, शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही. परत येते म्हणत होती. मामी घाबरून गेल्या. मामांना मात्र दुखणं बरोबर कळलं.

"नळ जात न्हाई तिथं माणसं भेटणार कशी? आपल्याकडं अर्धी वळख टँकरपाशी होती. उद्या घागर घी अन् शेजारी जा. म्हण, आमचा नळ गेलाय."

घागर नव्हती, म्हणून प्रज्ञा बादली घेऊन गेली. शेजारची इटलीकडची म्हातारी इतकी हादरली की पाणी तर दिलंच, वर पाना घेऊन नळ दुरुस्त करायला मागोमाग आली. इथं नळ धो धो वाहतोय. प्रज्ञानं खरं काय ते सांगून टाकलं. म्हातारी हसून हसून खुर्चीत बसली ती जेवूनच गेली. आठवड्यानं तीच बादली घेऊन दारात उभी, म्हणे आमचाही गेला!

मामांनी हा किस्सा गावभर सांगितला, आणि खरं सांगतो, आम्हालाही लई आनंद झाला. रोज येणारा प्रज्ञाचा फोन मग दोन दिवसांआड झाला, आता रविवारी येतो.

मागच्या रविवारी मी मामांकडंच होतो. मामा फोन समोर ठेवून बसले होते. दुपार टळली तरी तो वाजला नाही.

"शेजारी बसली असंल," मामा म्हणाले. "लई बरं झालं." आणि फोनचा आवाज थोडा वाढवून जेवायला उठले.