काकांच्या डोक्याचा डावा अर्धा

सलग बारा दिवस मी काकांच्या डोक्याच्या चुकीच्या अर्ध्या भागावर पाणी ओतलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ही गोष्ट भिंतीवर टांगून जाहीर झालीच आहे आणि लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

डोकं काकांचं असलं तरी प्रयोग आत्याचा. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण आणि काका म्हणजे तिचे यजमान. एका शाळेच्या प्रयोगशाळेत ती एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतेय, स्पिरिटचे दिवे भरतेय आणि पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करतेय. प्रयोग करायचे मुलांनी, शिकवायचे बाईंनी, पुसायचं आत्यानं. त्या खोलीत तिचं नाव एकाच ठिकाणी होतं, फुटक्या काचेच्या वहीत, सहीपुरतं.

घरच्या शेगडीवर मात्र तिचं राज्य. सुट्टीच्या सकाळी ती केसांचं पाणी करायची. रात्री भिजवलेले मेथीदाणे, जास्वंदीची पानं, कांद्याची सालं आणि खिडकीतल्या कुंडीतल्या रोझमेरीच्या चार काड्या. पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, झाकून गार करायचं, फडक्यातून गाळायचं. डोकं धुऊन झालं की शेवटी हे ओतायचं, मुळाशी बोटांनी जिरवायचं आणि वर साधं पाणी घ्यायचं नाही. वास असा, की वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून विचारायची, "आज काय करपलं हो?"

पण आत्याची वेणी कमरेच्या खाली. त्या वेणीकडे बघून शाळेतल्या अर्ध्या शिक्षिका रिकाम्या बाटल्या घेऊन यायच्या. सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग एक दिवस रसायनशास्त्राच्या बाईंनी बाटली हातात घेता घेता विचारलं, "केस वाढतात ते या पाण्यानं, की चोळण्यानं, की नुसते दिवस गेल्यामुळे? हे कसं ठरवलंत?"

आत्या त्या संध्याकाळी घरी आली ती गप्प. आत्या गप्प म्हणजे काका आणि मी दोघंही आपापल्या पापांची उजळणी करू लागलो.

"डोकं हवंय," ती जेवताना म्हणाली.

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

"घरात जे रिकामं आहे त्याचं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. मी त्या वेळी त्यांच्याकडे राहून नोकरी शोधत होतो, म्हणजे सकाळी नऊपर्यंत झोपत होतो. त्यामुळे माझी बाजू लंगडी होती. पण प्रयोगासाठी आधी डोकं भादरायचं होतं; मुलाखतीला चकोट करून कसं जाणार, हे कारण मी वेळेवर काढलं आणि वाचलो.

"तुझंच का नाही?" काकांनी शेवटचा प्रयत्न केला.

"माझी वेणी ही जाहिरात आहे. जाहिरातीवर प्रयोग करत नाहीत."

काका घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. गिऱ्हाइकाला त्यांचा चेहरा दिसतच नाही, दिसतो तो माथा. रस्त्यात भेटलेली माणसं त्यांना ओळखत नाहीत; ते चपलेचा अंगठा नीट करायला वाकले की म्हणतात, "अरे, तुम्ही होय!" अशा सार्वजनिक डोक्यावर आत्यानं वस्तरा फिरवून घेतला. दोन्ही बाजूंची सुरुवात शून्यापासून. बेचाळीस दिवस. डाव्या अर्ध्यावर बाटली अ, म्हणजे औषधी पाणी. उजव्यावर बाटली ब, म्हणजे साधं पाणी. दोन्हीकडे चोळणं सारखं, मोजून शंभर वेळा.

पण अ तपकिरी आणि ब पांढरं दिसतंय म्हटल्यावर आत्याचं समाधान होईना. काकांना फरक कळता कामा नये. म्हणून तिनं ब मध्ये जाळलेल्या साखरेचे दोन चमचे घातले. रंग अगदी तंतोतंत जमला.

रसायनशास्त्राच्या बाई आल्या, प्रयोगाची वही पाहिली आणि म्हणाल्या, "नीट पार पाडलंत तर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा तक्ता लावू. प्रयोगकर्त्या म्हणून तुमचं नाव घालून."

त्या दिवशी आत्यानं परीक्षानळ्या धुताना दोन फोडल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. फुटक्या काचेच्या वहीत स्वतःच्याच नावावर नोंदवल्या आणि घरी येऊन हसत हसत सांगितल्या.

पहिले एकवीस दिवस ती स्वतः काकांच्या मागे उभी राहून पाणी घालायची. प्रयोगाच्या वहीत सगळं लिहायची. 'दिवस सहावा, खाज नाही. दिवस नववा, दोन्हीकडे खुंट. दिवस अकरावा, दुकानात उजव्या कानाशी मुंग्या, चार.' मग शाळेच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या. तिला सुट्टीच्या दिवशीही सहालाच निघावं लागायचं आणि काकांना सातच्या आत उठवणं हा वेगळाच प्रयोग होता. काम माझ्याकडे आलं. तिनं मला डोक्याचं वरून दिसणारं चित्र काढून दिलं. डावीकडे अ, उजवीकडे ब.

आता मी काकांना खिडकीपाशी स्टुलावर बसवायचो, समोरासमोर, म्हणजे पाणी डोळ्यांत जाताना दिसेल. चित्र एका हातात. चित्रात डावीकडे अ, म्हणून माझ्या डावीकडे अ. इतकं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

"आज मेथीचा वास उजवीकडून येतोय," काका पहिल्याच दिवशी डोळे मिटून म्हणाले.

"वारा आहे, काका."

"खिडकी बंद आहे."

"झोपा तुम्ही."

असे बारा दिवस गेले. तेहतिसाव्या दिवशी परीक्षा लवकर आटोपली. आत्या आणि मी दुकानात डबा घेऊन गेलो. काका एका बाईंचं नाजूक घड्याळ उघडून बसले होते आणि पुटपुटत होते, "सेकंदाचा काटा उलटा फिरतोय."

आत्या वाकली. "अहो, ती मुंगी आहे."

मुंगी तबकडीवरून उतरली, मनगटावर चढली, दंडावरून खांद्यावर गेली. तिच्या मागोमाग एक शिस्तशीर ओळ, मान ओलांडून थेट काकांच्या डाव्या कानामागे. आत्याचा डबा हवेतच राहिला.

"डाव्या?" ती म्हणाली.

मी दुकानातली भिंतीवरची घड्याळं बघू लागलो. बावीस होती. एकही मला मदत करेना.

"साखर उजवीकडे. मुंग्या डावीकडे. तू उभा कुठं राहतोस रे पाणी घालताना?"

"समोर."

आत्यानं डोळे मिटले. काकांनी भिंग काढलं. "मी म्हटलं होतं वास उजवीकडून येतोय!" ते एवढ्या आनंदानं ओरडले, की घड्याळवाल्या बाई दचकून एक पाऊल मागे गेल्या.

घरी जाताना मी तोडगा काढला. "आत्या, कुणाला कळणार आहे? पुढचे नऊ दिवस बरोबर घालू. वहीत काही लिहूच नकोस."

"खरंच," काका म्हणाले, "डोकं माझं, मी तक्रार करत नाही."

आत्या चालता चालता थांबली. "पाणी उकळायच्या आधी शंभर अंश लिहून टाकणारी पोरं मी एकतीस वर्षं बघतेय. मागून त्यांची भांडी मी धुते, कोरडी असतात! आता माझं नाव पहिल्यांदा लागणार, ते कोरड्या भांड्यावर लावू?"

तिनं वही काढली आणि तिथंच, विजेच्या खांबाला टेकवून लिहिलं: 'दिवस २२ ते ३३, बाजू उलट. कारण: भाचा.'

"नुसतं भाचा?" मी म्हटलं. "म्हणजे मी रोगच झालो की."

"रोगाला निदान औषध असतं."

मग तिचा आवाज जरा उतरला. "आता बाई तक्ता लावतील असं वाटत नाही," ती म्हणाली आणि वही पिशवीत घातली. उरलेले नऊ दिवस तिनं काकांना पहाटे साडेपाचला उठवलं. कसं, ते सांगत नाही. काका अजून तो विषय निघाला की खोली सोडून जातात.

बेचाळिसाव्या दिवशी बाई घरी आल्या, सोबत शाळेतलं व्हर्नियर कॅलिपर. दोन्ही बाजूंचे दहा-दहा केस मुळाशी कापून मोजायचे होते. मोजले बाईंनी आणि आकडे लिहिले आत्यानं. काका प्रत्येक केसाला "हळू!" म्हणत होते. डावी बाजू, सरासरी चौदा मिलिमीटर. उजवी बाजू, सरासरी चौदा मिलिमीटर.

आत्यानं दोन्ही बेरजा पुन्हा करून पाहिल्या.

"म्हणजे पाण्यानं काही होत नाही?" मी विचारलं.

"तसं म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. "होतं असंही म्हणता येत नाही. मध्ये बारा दिवस भाचा आहे ना."

मग त्या वही मागेपुढे चाळत राहिल्या. मुंग्यांपाशी आल्या आणि एकदम हसत सुटल्या. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, तोंडातला चहा ठसक्यासरशी कपात परतला. "मुंग्यांवरून पकडलंत?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "वर्गात साठ मुलं आहेत. 'चुका' या रकान्यात साठही जणांनी 'नाहीत' लिहिलंय. हा तक्ता लागणार. दाराजवळच."

आत्या "बरं" म्हणाली आणि स्वच्छ असलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. पाच मिनिटं घासत होती. पाठ आमच्याकडे आणि वेणी नुसती डुलत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी ज्वालामुखी, पाणचक्की सगळं ओस पडलं. पोरं तक्त्यापुढे. वर ठळक अक्षरांत आत्याचं पूर्ण नाव, खाली डोक्याचं चित्र, आणि चित्राच्या बाजूला लाल शाईत मी. शेजारी खुर्चीवर प्रत्यक्ष डोकं, म्हणजे काका, पाटी लावून बसलेले: 'हात लावू नये.' त्यांनी बसल्या बसल्या मुख्याध्यापकांच्या घड्याळाचा पट्टा बदलून दिला. एका चिमुरडीनं मला विचारलं, "तुम्हीच का भाचा?" मी नाही म्हटलं. काकांनी हो म्हटलं.

आत्या तक्त्याशेजारी पट्टी घेऊन उभी होती आणि शिकवत होती. दर वेळी अगदी पहिल्यापासून, मेथीदाण्यांपासून. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "मग पाणी चालतं की नाही, ते कधी कळणार?"

"पुन्हा केल्यावर," आत्या म्हणाली. "नवीन डोक्यावर."

सगळे हसत होते, टाळ्या पडत होत्या, आत्याचे कान लाल झाले होते. तेवढ्या भरात मी हात वर करून ओरडलो, "माझं घे!"

तिनं ते ताबडतोब वहीत लिहून घेतलं, तारखेसह. शेजारी बाईंची साक्षीदार म्हणून सही.

याला आता दीड वर्ष होईल. मला दुसऱ्या गावी नोकरी लागली, मुलाखतीचं कारण संपलं. मग ओळखपत्राच्या फोटोचं कारण आलं, मग थंडीचं. आत्याच्या शेल्फावर दोन बाटल्या धुऊन उपड्या ठेवलेल्या आहेत. या वेळी ब मध्ये साखर घालायची नाही, चहा घालायचा, हेही तिचं ठरलंय. काका दर आठवड्याला फोन करतात आणि काही न बोलता फक्त वस्तरा दगडावर घासल्याचा आवाज ऐकवतात.

मी पुढच्या महिन्यात जाणार आहे. टोपीसुद्धा घेऊन ठेवली आहे. डोकं तेवढं द्यायचं राहिलंय.